मडिवाळप्पाच्या कानाची सूट

आमच्या आप्पाला ऐकायला येत नव्हतं. अन् ज्या मशीननं ऐकायला येणार होतं, ती त्यांनी सत्तावीस दिवस डब्यातच ठिवली. मशीन चांगली होती. तिच्या आत कोणता प्रोग्राम चालतो ते कंपनी दाखवत न्हाई, म्हणून ठिवली. बस्स. एवढ्यापायी अहमदपूरला जे झालं त्याच्याबद्दल उदगीरमधी लोक काहीबाही बोलून राहिले. मी तिथं होते, ते नव्हते. म्हणून लिहून राहिले.

आप्पा म्हंजे मडिवाळप्पा. ते माझे सख्खे कोणी न्हाईत. नववीत शाळा सोडली तवापासून मी त्यांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते, सात वर्षं झाली. दुकानाच्या पाटीवर अजून 'शिवलीला टायपिंग इन्स्टिट्यूट'च हाय. पाटी बदलायला शिडी लागते, शिडी शेजारच्या भांडेवाल्याकडं हाय, अन् आप्पाला कुणाकडं काही मागायचं म्हणलं की घाम फुटतो. मागायला सांगायचं मात्र लोकांला, त्याच्यात माणूस वस्ताद.

वीस वर्षांमागं नांदेडला इंजिनिअरिंग शिकणारा अमरेश सुट्टीत उदगीरला आला होता. त्यानं आप्पाला एक सीडी दिली. म्हणला, "सर, ह्याच्यातल्या प्रोग्रामचं आतलं लिखाण उघडं हाय. बघा, बदला, दुसऱ्याला द्या. कोणी आडवत न्हाई." आप्पानं तीनदा विचारलं, "अन् मालक?" अमरेश म्हणला, "मालक न्हाई." आप्पा त्या दिवशी जेवले न्हाईत. गौरम्मा, म्हंजे त्यांची बायको, सांगते की तिला वाटलं ह्यांना वारं लागलं. संध्याकाळी म्हणले, "गौरा, हे तर मठातल्या दासोहावानी हाय." दासोहात कोणीबी येतो, पंगतीला बसतो, जेवतो. नाव विचारत न्हाईत, अन् वाढणारा बी आपलं नाव सांगत न्हाई. ते आप्पाच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

मग मुक्त संगणक मंडळ निघालं. सभासद पंधरा. वीस वर्षांत एक वाढला अन् एक वारला, परत पंधरा. नियम आप्पानं लिहिले. मोठा नियम एकच : बंद प्रोग्राम वापरायचा न्हाई. बंद म्हंजे ज्याचं झाकण उघडू देत न्हाईत त्यो. अन् वापरावाच लागला तर बैठकीत उभं राहून सूट मागायची. काय वापरतो, कशापायी वापरतो, कोणत्या तारखेपर्यंत वापरणार, तिन्ही सांगायचं. एकानं जरी हरकत घेतली तर सूट न्हाई. मिळाली तर त्याच दिवशी सगळ्यांला पंगत वाढायची अन् आपण मागून जेवायचं.

तुम्हाला हसू येईल, पण लोक मागायचे. आडतवाला रामलिंगनं नऊ सुटी घेतल्या, त्याला तर वाढपी म्हणूनच वळखतात. गुणाबाई अंगणवाडीत हाय. तिला सरकारी अॅपमधी लेकरांची वजनं भरावी लागतात, न्हाई भरली तर नोकरी जाते. तिला बी आप्पानं सोडलं न्हाई. दर साली सूट, दर साली पंगत, तीनदा. मी एका गेमपायी वाढलं. आप्पानं मात्र वीस वर्षांत एकदा बी सूट मागितली न्हाई. साधा बटनाचा मोबाईल, त्यो बी बंदच ठिवायचे.

आता कान. दोन वर्षांपासून आप्पा म्हणायचे की आजकालची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. मग म्हणले एसटीचे हॉर्न बारीक झाले. मग एक दिवस दुकानात शॉर्टसर्किट होऊन यूपीएस फुटला, मी किंचाळले, अन् आप्पा पाठ करून माऊस पुसत बसले होते. तवा गौरम्मानं त्यांना लातूरला नेलं. डॉक्टर म्हणला, मशीन लावा, अन् उशीर करू नका. कान बिनकामाचा ठिवला की डोकं माणसाचं बोलणं वळखायचं इसरतं, मग मशीन लावून बी आवाज येतो, शब्द येत न्हाई. महिनाभर वापरून बघायला एक मशीन दिली. न्हाई पटली तर परत करा म्हणला, सोमवारपर्यंत.

आप्पानं पहिला सवाल केला, "आतलं लिखाण बघायला मिळतं का?"

डॉक्टर म्हणला, "चिठ्ठीवर लिहिलंय की, जेवणानंतर लावायची."

"औषधाचं न्हाई, प्रोग्रामचं."

मशीनचा आवाज लहानमोठा करायला मोबाईलवर कंपनीचं अॅप लागतं, अन् अॅप बंद. झालं. आप्पानं मशीन डब्यात घातली अन् कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आपल्याला आमचं उत्पादन आवडलं याचा आनंद आहे.'

घरात मग नवीनच तऱ्हा. आप्पानं गौरम्माला एक कीबोर्ड अन् एक स्क्रीन लावून दिली. गौरम्मा लग्नाआधी त्यांच्याच इन्स्टिट्यूटमधी शिकलेली, मिनिटाला चाळीस शब्द. ती टाइप करणार, आप्पा वाचणार अन् तोंडानं उत्तर देणार. दोन मिनिटांत ती एवढं लिहायची की आप्पाला वाचायला चहा संपायचा. शेवटी कन्नडमधी एवढंच, 'साकु री'. म्हंजे पुरे, अहो.

मी बी प्रयत्न केला. त्या अॅपचं झाकण उघडतं का म्हणून आठ दिवस डोकं लावलं. न्हाई उघडलं. आप्पा म्हणले, "शिवानी, उघडलं असतं तरी चोरून उघडलेलं मी लावलं नसतं." मला असा राग आला. मी म्हणलं, "मग बसा असंच." त्यांना ऐकायला आलंच न्हाई. रागवायची बी सोय न्हाई ह्या माणसावर.

अन् त्याच महिन्यात सुमेघ सिस्टिम्स नावाची कंपनी आली. अमरेश आता नांदेडच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो अन् मंडळाचा सचिव हाय. त्यानं आणली. सुमेघ म्हणत होती, नांदेडला मोठ्ठा मेळावा घ्या, हॉल आमचा, जेवण आमचं, अन् खेड्यातल्या शाळांला चाळीस लॅपटॉप. लॅपटॉपमधी सगळं मुक्तच, फक्त उघडताना सुमेघचं अॅप लागणार, त्याच्यात लेकराचं नाव-गाव भरलं की लॅपटॉप चालू. त्यो अॅप बंद. मंडळानं निस्तं एक करायचं, 'सुमेघ, मुक्त सॉफ्टवेअरचा खरा मित्र' असा बॅनर लावायचा.

त्यो मसला रविवारच्या बैठकीत येणार होता. सोमवारी मशीन परत. म्हंजे आप्पाच्या कानाचा फैसला बी रविवारीच.

बैठक अहमदपूरला असते, उदगीरवाल्याला अन् नांदेडवाल्याला मधी पडतं म्हणून. आम्ही तिघं एसटीनं गेलो. स्टँडवरच्या कँटीनमधी अमरेश वाट बघत होता. त्यानं आप्पापुढं गुपचूप एक चिठ्ठी सारली. मी वाकून वाचली : 'सर, तुम्ही सुमेघला हरकत घेऊ नका. तुमच्या कानाच्या सुटीला कोणी हरकत घेणार न्हाई, माझी जबाबदारी. दोघांचं बी काम होईल. हे आपल्यातच ठेवा.'

आता बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत न्हाई, हे अमरेशच्या ध्यानात न्हाई राहिलं.

"म्हंजे माझ्याच कानाची लाच मलाच देतो व्हय रे?"

भजे तळणाऱ्याचा झारा हवेत. एक कंडक्टर तर आमच्याकडं वळून खुर्ची घेऊनच बसला.

अमरेशनं घाईघाईत दुसरी चिठ्ठी लिहिली : 'हळू बोला.'

"हळूच बोलून राहिलो!"

"काय मागितलं हो त्यानं?" कंडक्टरनं मला विचारलं.

मी म्हणलं, "कान."

मंडळातले सहाजण त्याच कँटीनमधी चहा पीत होते. बैठक चालू व्हायच्या आधी सौदा सगळ्यांला कळला. अमरेशचं तोंड असं झालं की मला त्याची दया आली असती, पण मी दया केली न्हाई.

बैठक एका शिकवणीच्या खोलीत. गौरम्मा सभासद न्हाई, ती मागच्या बाकावर बसली, पर्समधी मशीनचा डबा. सुमेघचा माणूस आला होता, वीरेश, लातूरचाच, तिशीतला, कंपनीचा शर्ट. त्याला पुढं बसवलं. आप्पाला ऐकायला येत न्हाई म्हणून ठरलं की आज सगळ्यांनी बोलायच्या ऐवजी टाइप करायचं, पडद्यावर दिसेल. अन् मंडळाच्या पद्धतीनं कोणी काय लिहिलं ते नावासकट फाईलमधी जपून राहणार, पुसता येणार न्हाई.

अशी बैठक मी जन्मात बघितली न्हाई. पंधरा माणसं, एक कीबोर्ड, रांग. ज्याला राग आला त्यानं आधी रांगेत उभं राहायचं. रामलिंग एका बोटानं टाइप करतो. अमरेशवर त्यो लई तापला होता. लिहायला बसला, 'तू गद्दार'. 'द्दा' कुठं सापडंना. मागून लोक सांगून राहिले, आधी द, मग पाय मोडायचा, मग परत द. चार मिनिटं गेली. तवर त्याचा राग उतरला. मागं वळून म्हणला, "राहू द्या, एवढं काही केलं न्हाई पोरानं." पण पडद्यावर 'तू ग' राहिलं ते राहिलंच, रामलिंगच्या नावासकट.

मग गुणाबाई बसली. तिनं नीट लिहिलं : 'माझ्या गावच्या शाळेत एक बी कॉम्प्युटर न्हाई. लेकरं चित्रात बघतात. मला चाळीसातले चार पाहिजेत. बंद का उघडं ते मोठ्या लोकांनी भांडावं.'

आप्पानं वाचलं अन् मान खाली घातली.

अमरेशला जोर आला. त्यानं भरभर लिहिलं : 'लॅपटॉप कंपनीचे. अॅप कंपनीचं. खर्च बी कंपनीचाच. मंडळ काहीच वापरत न्हाई, निस्तं वाटतं. मग नियम कुठं मोडला?'

आप्पा उठले. "अमरेश, दुसऱ्याच्या हातानं कुलूप लावलं म्हणून दार उघडं राहत न्हाई. आत लेकरू हाय का न्हाई? लेकराचं नाव-गाव जातंय का न्हाई? मग मशीन कुणाची ह्याला काय करायचं?"

टाळ्या पडल्या. टाळ्या त्यांना दिसल्या. जरा फुगले बी.

तवर मागून गौरम्मा आली. रांगबिंग काही न्हाई, परत लिहायला बसलेल्या रामलिंगला खुर्चीवरून उठवलं अन् चाळीसच्या स्पीडनं सुरू. 'मी सभासद न्हाई. कानाची मशीन माझी. मोबाईल माझा. अॅप माझं. ह्यांचा निस्ता कान. मग नियम कुठं मोडला?'

सगळे हसले. अमरेश तर उभा राहून हसला. कारण आप्पानं आत्ताच, सगळ्यांसमोर, ह्याचंच उत्तर दिलं होतं.

आप्पानं पडदा वाचला. परत वाचला. चेहऱ्यावरून कळत होतं की आतमधी माणूस दार शोधून राहिलाय. गौरम्मानं आठ दिवस विचार करून ही वाट काढली असणार, अन् ती वाट आप्पानं स्वतःच बुजवली होती.

"न्हाई गौरा," ते म्हणले. "हे बी चालायचं न्हाई. त्याला न्हाई तर मला बी न्हाई."

मी तर म्हणलं संपलं. सोमवारी मशीन लातूरला जाणार अन् हा माणूस उरलेला जन्म पडदा वाचणार. माझ्या तोंडून शिवी गेली. कीबोर्डवर न्हाई, तोंडानं, म्हणून जपून राहिली न्हाई.

गौरम्मा उठली न्हाई. तिनं परत लिहिलं, ह्या बारीला हळू. 'मग मागा की सूट. वीस वर्षं लोकांला उभं केलं. ही गुणाबाई पोटुशी असताना उभी राहिली. तुम्हाला नियमाचं पडलेलं न्हाई. तुम्हाला मागायची लाज वाटते.'

कोणी हसलं न्हाई. खाली बैठकीच्या जेवणासाठी भटारी वांगी परतून राहिला होता, त्याचा आवाज वर येत होता, आप्पा सोडून सगळ्यांला.

आप्पा पुढं आले, जिथं सूट मागणारा उभा राहतो तिथं.

"मी मडिवाळप्पा," ते म्हणले, जसं आम्ही कोणी त्यांना वळखतच न्हाई. "कानात बंद प्रोग्राम घालायची सूट मागतो. कारण, माझ्या बायकोचा आवाज इसरायला लागलोय. तारीख, आजपासून दोन वर्षं. तवर उघडी मशीन शोधीन, न्हाई सापडली तर काढून ठिवीन."

रामलिंगनं बोटानं 'हाव' लिहिलं, म्हंजे हरकत न्हाई. मी हाव. एकेक करत तेरा हाव. अमरेश बी हाव, कसाबसा. राहिली गुणाबाई. ती कीबोर्डकडं गेलीच न्हाई. आप्पासमोर आली, तोंडासमोर हात नाचवून म्हणली, "पंगत. वाढायची." वाढायची खूण केली, पळी धरल्यावानी.

आप्पानं मान हलवली.

"वरण सांडायचं न्हाई," ती म्हणली. ते त्यांना समजलं न्हाई. मग तिनं हाव लिहिलं.

मला वाटलं आता जेवायला सोडतील. पण आप्पा जागचे हलले न्हाईत. वीरेशकडं बोट केलं. "आता कंपनीनं उभं राहावं. मी उभा राहिलो. सूट मागताना मान खाली घालून मागायची, बॅनर लावून न्हाई. काय, कशापायी अन् किती तारखेपर्यंत. सांगितलं तर माझी हरकत न्हाई. चाळीस लॅपटॉप घ्या."

वीरेश चांगला माणूस होता, खोटं का बोलू. खुशीत उभा राहिला. त्याला वाटलं गावाकडची रीत हाय, फोटो बरा निघेल. "मी वीरेश. सुमेघतर्फे सूट मागतो. अॅप बंद हाय. कारण, कंपनीला वापरणाऱ्यांची माहिती लागते." एवढं खरं त्यो कधी बोलला नसेल, बोलल्यावर त्योच दचकला. "अन् तारीख..." म्हणला अन् थांबला. "तारीख मला विचारावी लागेल."

त्यानं पुण्याला फोन लावला. साहेबाला समजावून राहिला, "न्हाई सर, अॅप कधी उघडं करणार त्याची तारीख. हाव, उभं राहून. न्हाई सर, कोणी डांबून ठिवलं न्हाई मला." साहेब म्हणला कायदेवाल्यांला विचारून अर्ध्या तासात कळवतो.

भात निवून राहिला होता. ठरलं की वीरेशची पंगत ॲडव्हान्समधी. म्हंजे आधी वाढू दे, तारीख मागून येईल. वीरेशनं कंपनीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या अन् भाताची परात उचलली.

जिन्यात गौरम्मानं डबा उघडला. आप्पाच्या कानात मशीन बसवली, मोबाईलवर बोट सरकवलं. आप्पा दचकले. खाली भटाऱ्याच्या पोरी ताटं मांडून राहिल्या होत्या. "स्टीलची ताटं एवढी वरडतात व्हय?" म्हणले. मग जिन्यातून उतरताना आपल्याच चपलेकडं बघत उतरले, जशी चप्पल दुसऱ्याची हाय.

गौरम्मा मागून म्हणली, "सावकाश री."

आप्पा थांबले. वळले न्हाईत. मग खाली गेले.

पंगत बसली. पुढं वीरेश भात घेऊन, मागं आप्पा वरणाची बादली घेऊन. दोघांला बी वाढायची सवय न्हाई. वीरेश ढीग घालायचा अन् आप्पा त्या ढिगाच्या शेजारी जमिनीवर वरण घालायचे. रामलिंग, नऊ सुटींचा मालक, बसल्या जागी शिकवून राहिला, "आप्पा, पळी ताटाला टेकवा! आधी खड्डा करा भातात!" आप्पा म्हणले, "ओरडू नको, ऐकायला येतंय." सगळी पंगत हसली. मी बी हसले, अन् मला रडू बी आलं, पण ते जाऊ द्या.

वीरेशचा मोबाईल वाजला. त्यानं परात खाली ठिवली, मेसेज वाचला. मग सगळ्यांला वाचून दाखवला, कारण मंडळात तशी पद्धत हाय. 'तारीख देता येणार नाही. मात्र भविष्यात तारीख देण्याबाबत कंपनी सकारात्मक आहे.'

"म्हंजे?" कोणी तरी विचारलं.

वीरेश म्हणला, "म्हंजे न्हाई."

मग हरकत कोणी घ्यायची हा बी सवाल राहिला न्हाई. तीन गोष्टीतली एक सांगितली न्हाई तर खाली बस, नियमच हाय. अमरेशनं ताटातला घास तसाच ठिवला. वीरेशनं मात्र परात परत उचलली अन् उरलेली रांग पुरी केली. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

आप्पा गुणाबाईच्या ताटापाशी आले. तिनं ताटावर हात आडवा धरला. वर बघितलं न्हाई. हळूच बोलली, एकदम हळू, शेजारी बसलेल्या मला कसंबसं ऐकायला आलं.

"तुमच्या कानाला दोन वर्षं मिळाली. माझ्या लेकरांला एक दिस न्हाई."

मी आप्पाकडं बघितलं. मला वाटलं आवाज पोचला नसेल, बरं होईल.

पोचला होता. आप्पा बादली घेऊन उभे राहिले. मागची पंगत वरण-वरण करून राहिली. आप्पा वाकले, बादली खाली ठिवली, तिच्यासमोर उकिडवे बसले.

"परत म्हण," ते म्हणले.

"कशाला? आलं न्हाई का ऐकायला?"

"आलं. तरी बी म्हण."

तिनं परत म्हणलं. आता सगळ्यांनी ऐकलं. आप्पानं मान हलवली. मग मला म्हणले, "शिवानी, वर जाऊन हे फाईलमधी लिही. गुणाबाईची हरकत म्हणून. माझ्या नावासमोर, सुटीच्या खाली."

मी उष्ट्या हातानं वर गेले अन् लिहिलं.